मराठ्यांच्या आरमाराचें शीड, सुंभ व नांगर

मराठ्यांच्या आरमारासंबंधानें आजवर जें लिहिलें गेलें आहे त्यांत तोफांची मोजदाद पुष्कळ आढळते. किती गुराबा, किती गलबतें, कोणत्या गुराबेवर किती पौंडी तोफा, याच्या याद्या वाचकांस पाठ झाल्या असतील. परंतु या तोफा ज्या साधनांच्या बळावर शत्रूपर्यंत जाऊन पोंचत, किंवा प्रसंगीं शत्रूच्या हातून निसटत, त्या साधनांकडे, म्हणजे शीड, डोलकाठी, दोर, नांगर व वल्हीं यांकडे, फार थोड्यांचें लक्ष गेलें आहे. समुद्रावरील लढाईंत पहिला प्रश्न तोफ उडविण्याचा नसून ती योग्य बाजूस नेऊन उभी करण्याचा असतो, आणि हें काम वारा व दोर यांच्या हातीं. प्रस्तुत लेखांत या सरंजामाची परीक्षा करावयाचें आम्हीं योजिलें आहे. त्यापैकीं कोणती वस्तु कसोटीस उतरली, कोणती ऐन वेळीं दगा देऊन गेली, आणि त्या दग्यास वस्तु कारण कीं ती वापरणाराचा हेतु कारण, एवढेंच पाहणें आहे. प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाहीं. आंग्र्यांचें आरमार किनारा सोडून खोल दर्यांत कां गेलें नाहीं, याचें उत्तर कोणी भीति असें देतात, कोणी अज्ञान असें देतात. आमच्या मतें तें उत्तर बऱ्याच अंशीं शिडाच्या वाशांत व काथ्याच्या पिळांत सांपडतें.

प्रथम ज्या पाण्यावर हा सरंजाम चालावयाचा त्या पाण्याचा स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत कोंकणचा समुद्र नैर्ऋत्येच्या वाऱ्यानें खवळलेला असतो, आणि त्या दिवसांत देशी गलबत खाडींत नेऊन किंवा वाळवंटावर ओढून ठेवण्यावांचून गत्यंतर नसे. नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ वाहिला म्हणजे हळूहळू हंगाम सुरू होई. त्यापुढील आठ महिन्यांत मात्र वारा बहुधा आपली वेळ पाळतो. रात्रीं व पहांटे जमिनीवरून मतलई वारा, दुपारीं समुद्रावरून खारा वारा. पहिला गलबतास बाहेर काढतो, दुसरा आंत आणतो. दोहोंच्या मध्यें घटका दोन घटका पाणी तेलासारखें निश्चल असतें. खारा वारा वायव्येकडे झुकलेला असल्यामुळें दक्षिणेस जाणें सोपें व उत्तरेस येणें कष्टाचें. शिवाय खाड्यांच्या मुखांशीं वाळूचे दांडे. भरती साधल्यावांचून खोल तळाचें जहाज आंत शिरूं शकत नाहीं. अशा ठिकाणीं उपयोगीं पडणारें साधन म्हणजे मंद वारा धरणारें, उथळ पाण्यांत तरणारें, आणि वारा पडला असतांही हलणारें. ही कसोटी एकदां मनांत धरली म्हणजे पुढील निर्णय करणें सुलभ जाईल.

एकाच वस्तूविषयीं दोन जाणत्या प्रवाशांचे अभिप्राय किती भिन्न असूं शकतात याचें एक जुनें उदाहरण येथें देण्याजोगें आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो यानें इराणच्या आखातांत हुरमुज येथील जहाजें पाहिलीं. त्यांच्या फळ्या लोखंडी खिळ्यांनीं न ठोकतां नारळाच्या काथ्याच्या दोरीनें शिवलेल्या होत्या. डोलकाठी एक, शीड एक, सुकाणू एक, आणि वर पाटणी नाहीं. हीं जहाजें अगदीं वाईट, त्यांतील पुष्कळ बुडतात, असा त्यानें निकाल दिला. पुढें चौदाव्या शतकांत इब्न बतूता मालदीव बेटांत राहून आला. त्यानें त्याच काथ्याची तारीफ केली आहे. हिंदुस्थानच्या व यमनच्या जहाजांच्या फळ्या या दोरीनें शिवतात; समुद्रांत खडक फार; खिळ्यांनीं ठोकलेलें जहाज खडकावर आपटलें तर फुटतें, शिवलेलें लवतें व वांचतें, असें त्याचें म्हणणें. दोघांनीं पाहिली ती वस्तु एकच. पोलोच्या डोळ्यांसमोर उघड्या समुद्रांतील तुफान होतें, इब्न बतूतेच्या डोळ्यांसमोर किनाऱ्याजवळचे खडक. जी लवचिकता खडकावर तारते तीच मोठ्या लाटांत सांधे सैल करते. मराठ्यांच्या गुराबांच्या फळ्या शिवलेल्या नव्हत्या, खिळ्यांनीं ठोकलेल्या असत. तथापि काथ्याचा हा दुहेरी स्वभाव त्यांच्या दोरांतून सुटला नव्हता, म्हणून हा प्रसंग आम्हीं येथें आणिला.

आतां त्या दोराकडेच वळूं. नारळाचीं सोडणें खाडीच्या चिखलांत कित्येक महिने पुरून कुजवावयाचीं, मग तीं बडवून काथ्या मोकळा करावयाचा, आणि वळून त्याचा सुंभ करावयाचा, ही रीत कोंकण, मलबार व लक्षद्वीप येथें सारखीच. लक्षद्वीपचा काथ्या विशेष नांवाजलेला, आणि त्या बेटांच्या व्यापाराचा तोच मुख्य जिन्नस होता. सुंभाच्या अंगीं तीन गुण आहेत. तो पाण्यावर तरंगतो, खाऱ्या पाण्यांत सहसा कुजत नाहीं, आणि ताण बसला असतां पुष्कळ लांबतो व ताण सुटतांच आंखडतो. यांतील तिसरा गुण नांगराच्या दोरास अमोल होय. लाटांच्या हेलकाव्यांत नांगरलेलें जहाज पुढेंमागें ओढलें जातें. युरोपीय तागाचा डांबर लावलेला दोर अशा वेळीं ताठ होऊन हिसका देतो, आणि त्या हिसक्यानें एक तर दोर तुटतो, नाहीं तर नांगर निसटतो. सुंभ तो हिसका आपल्याच पोटांत जिरवितो. म्हणूनच युरोपीय जहाजेंही या समुद्रांत आल्यावर नांगरासाठीं काथ्याचे जाड दोर विकत घेत. ज्यांनीं आपल्या देशाहून दोरांचीं वेटोळीं भरून आणिलीं त्यांनींच येथें सुंभ घ्यावा, यापेक्षां निराळी शिफारस कशाला पाहिजे?

परंतु याच सुंभाचे दोषही तितकेच उघड आहेत. जाडीच्या मानानें तो तागाहून पुष्कळ दुबळा, त्यामुळें तेवढ्याच कामास जाड दोर लागतो. तो हातास खरखरीत. आणि सर्वांत मोठा दोष हा कीं, खाऱ्या पाण्याचा हा मित्र गोड्या पाण्यानें कुजतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाहीं ही म्हण ज्यानें प्रथम काढली त्यानें सुंभ चार महिने पावसांत टाकून पाहिला नसावा; तेथें पिळासकट सर्व जातें. आगोटीच्या पूर्वीं गलबताचे दोर उतरवून कोरड्या जागीं ठेवण्याची जी दक्षता सर्व नाखवे घेत, तिचें हेंही एक कारण होय. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या, इ. स. १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रांत समुद्र खवळण्यापूर्वीं आठ पंधरा दिवस आधींच आरमार छावणीस आणावें असा जो कटाक्ष आहे, तो केवळ लाटांच्या भयानें नसून साहित्य जतन करण्याच्या दृष्टीनेंही असला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

नांगराविषयीं थोडेंच सांगण्यासारखें आहे. भोंक पाडलेल्या दगडाचा नांगर या किनाऱ्यावर फार जुन्या काळापासून चालत आला. आमच्या काळांत राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं पाण्याखालीं शोध करून असे दगडी नांगर विजयदुर्गाजवळ व गोव्याच्या समुद्रांत पाहिले आहेत. लहान तरांड्यास तो पुरे. मोठ्या जहाजास लोखंडी नांगर पाहिजे, आणि तेथें देशी लोहारकामाची मर्यादा लागे.

आतां शीड. आंग्र्यांच्या गुराबांचें व गलबतांचें सर्वांत पद्धतशीर वर्णन इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानें इ. स. १७६३ त प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत आहे. शत्रुपक्षाचें असल्यामुळें तें अधिकच विश्वसनीय. गलबतास दोन डोलकाठ्या, त्यांतील मागची लहान; मोठीवर एकच अवाढव्य तिकोनी शीड, आणि तें चढविलें म्हणजे त्याचें टोंक डोलकाठीच्याही पुष्कळ वर जाई, असें तो सांगतो. या एका वाक्यांत सर्व मर्म आहे. ज्या तिरप्या वाशास शीड बांधितात, व ज्याला परबाण म्हणतात, तो दोन तीन वासे एकास एक सुंभानें आवळून केलेला असे, आणि म्हणून आंखूड व पुढें झुकलेल्या डोलकाठीवरही शिडाचें टोंक उंच जाऊं शके. मतलई वाऱ्याच्या वेळीं पाण्यालगत वारा मेलेला असतो व उंचावर थोडा जिवंत असतो. तो थोडका वारा या शिडास मिळे, आणि युरोपीय जहाजाचें आडवें चौकोनी शीड जेव्हां नुसतें लोंबकळत राही तेव्हां आमचें गलबत चालूं लागे. वाऱ्याच्या तोंडाकडे जाण्याची शक्तीही तिकोनी शिडांत चौकोनीपेक्षां अधिक. कापड सुती. मुंबईच्या डोंगरी भागाच्या नांवानें प्रसिद्ध झालेलें जाडेंभरडें कापड व दोसुती हीं या कामास लावीत. सुती शीड हलकें, म्हणून मंद झुळकीनेंही फुगतें; परंतु ओलें गुंडाळून ठेविलें तर त्यास बुरशी चढते, आणि बुरशी चढलेलें शीड पहिल्या जोराच्या वाऱ्यास फाटतें.

शिडाचे दोष किनाऱ्याजवळ लपतात व खोल समुद्रांत उघडे पडतात. वाऱ्याची बाजू बदलावयाची झाली तर हें गलबत वाऱ्यास पाठ देऊन वळवावें लागे. तेवढ्या अवकाशांत तो प्रचंड वासा जवळजवळ उभा करून डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या बाजूस न्यावयाचा, आणि डोलकाठीचे तणावे सोडून नव्या वाऱ्याच्या बाजूस बांधावयाचे. माणसें पुष्कळ लागत, आणि प्रत्येक वळणास मिळविलेल्या अंतरांतील कांहीं भाग परत द्यावा लागे. दिवसांतून एक दोन वळणें घ्यावयाचीं असलीं तर हें चालतें. वायव्येचा वारा तोंडावर घेऊन मोठ्या लाटांत घटकेघटकेस वळावयाचें असलें तर खलाशी थकतात व गलबत जाग्यावरच राहतें. वारा वाढला असतां शीड दुमडून लहान करण्याची सोयही फार थोडी. मोठें उतरवून दुसरें लहान शीड बांधावें लागे, म्हणून एकाच गलबतावर दोन तीन मापांचीं शिडें ठेवीत.

येथें एक गोष्ट नजरेस आणावीशी वाटते. सुंभ व तिकोनी शीड यांची जोडी आपोआप जमलेली होती. युरोपीय जहाजाच्या डोलकाठ्या एकावर एक चढविलेल्या, उंच. त्यांना दोन्ही बाजूंनीं कायमचे ताठ तणावे लागतात, आणि तो तणावा किंचित् सैल पडला तरी वरची डोलकाठी धोक्यांत येते. लांबणारा सुंभ या कामास निरुपयोगी. आमच्या आंखूड डोलकाठीचे तणावे प्रत्येक वळणास सोडून पुन्हां आवळावयाचेच असत, तेव्हां सुंभ थोडा लांबला म्हणून बिघडत नसे. सारांश, गलबतावर जो सुंभ इमानी तोच तीन डोलकाठ्यांच्या मोठ्या जहाजावर घातकी. हा मुद्दा पुढें तुळाजी आंग्र्याच्या प्रकरणीं उपयोगीं पडेल.

गुराबेच्या बांध्यासंबंधानेंही ऑर्मनें असेंच एक वर्म सांगितलें आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशें टनांपेक्षां मोठी नसे, तीन डोलकाठ्यांची सुमारें तीनशें टन. तळ उथळ, लांबीच्या मानानें रुंदी फार, आणि नाळ भूमध्यसमुद्रांतील गॅलीसारखी पुढें निघालेली. समोरच्या लाटांवर चालतांना ही नाळ फार आपटे. म्हणून तिच्या पाटणीस कडेचे कठडे न ठेवतां ती उघडी सोडलेली असे, कीं अंगावर आलेलें पाणी न अडतां वाहून जावें. नाळेवरून पुढें मारा करणाऱ्या नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा तिच्या मागें बसविलेल्या असत. नाळेचा बांधा पाठलाग करण्याकरितां उत्कृष्ट, तुफानास तोंड देण्याकरितां वाईट. आणि कारागिरांस हें माहीत होतें, हें त्या न ठेविलेल्या कठड्यांवरूनच सिद्ध होतें. वारा अगदींच पडला तर चाळीस पन्नास वल्ह्यांचीं गलबतें ताशीं चार मैल चालत व गुराबांस दोर लावून ओढून नेत. शत्रूच्या पिछाडीस जाऊन, जेथें त्याच्या कुशींतील तोफा पोंचत नाहींत तेथून, त्याचे दोर व डोलकाठ्या तोडावयाच्या, आणि तो पंगु झाला म्हणजे माणसें वर चढवावयाचीं, ही त्यांची रीत.

हें सर्व ज्यानें ओळखिलें होतें असा एक तरी राजनीतिज्ञ त्या काळीं होता, आणि तो अमात्य. आज्ञापत्रांतील आरमाराच्या प्रकरणांत गुराबा फार थोर नको व फार लहान नको, मध्यम बांधाव्या, आणि वाऱ्यावांचून जीं चालवितां येत नाहींत अशीं मोठीं जहाजें बांधूंच नयेत, असें स्पष्ट सांगितलें आहे. वारा शत्रूस अनुकूल व आपणांस प्रतिकूल असेल तर गांठ घालूं नये, जंजिऱ्याच्या आश्रयास यावें, हेंही त्यांत आहे. हा भित्र्या माणसाचा उपदेश नव्हे. आपल्या शिडाचें सामर्थ्य व मर्यादा जाणणाराचा आहे. आंबा, फणस हीं झाडें आरमाराच्या कामाचीं असतांही रयतेच्या संमतीवांचून तोडूं नयेत असें सांगणारा पुरुष लांकडाचा हिशेब किती बारकाईनें ठेवीत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. अमात्यास मोठ्या जहाजाची विद्या ठाऊक नव्हती म्हणून त्यानें तें नाकारलें, असेंही म्हणतां येत नाहीं. इ. स. १६५९ तच शिवाजीमहाराजांनीं कल्याण-भिवंडीस जहाजें बांधण्यासाठीं रुय लैतांव व्हिएगस या पोर्तुगीज कारागिरास ठेविलें होतें. तो व त्याचीं माणसें पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या चिथावणीनें काम सोडून गेलीं ही गोष्ट निराळी. युरोपीय पद्धतीची ओळख दरबारास त्या वेळेपासूनच होती.

मध्यम साधनांचा हा पक्ष किती खरा होता तें खांदेरीवर दिसून आलें. इ. स. १६७९ त मराठ्यांनीं तें बेट बांधावयास घेतलें तेव्हां इंग्रजांनीं जहाजें आणून त्याची नाकेबंदी केली. परंतु मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्रीं किनाऱ्याकडून सामान घेऊन जात व पहांटेपूर्वीं परत येत, आणि जड जहाजांस उथळ पाण्यांत त्यांचा पाठलाग करतां येईना. १८ आक्टोबर रोजीं नागांवच्या बाजूनें पन्नासांच्या सुमारास मराठी तरांडीं नाळेवरून तोफा डागीत इतक्या वेगानें आलीं कीं इंग्रजांस नांगर उचलावयासही पुरता अवकाश मिळाला नाहीं. अर्ध्या तासाच्या आंत त्यांचें एक गुराब मराठ्यांच्या हातीं लागलें. एकट्या रिव्हेंज जहाजानें मात्र नेटानें उभें राहून मराठ्यांस मागें परतविलें, हेंही सांगितलें पाहिजे. जड तोफांचें मोठें जहाज धीरानें उभें राहिलें तर गलबतांस तें सहज घेतां येत नसे. त्याला आधीं पंगु करणें अवश्य होतें.

दुसऱ्या पक्षाच्या फसलेल्या साधनांत फ्राम नांवाच्या तरंगत्या तोफखान्याचा मान पहिला. मुंबईचा गव्हर्नर बून यानें आंग्र्यांचा बंदोबस्त करण्याकरितां जाड भिंतींचा, सपाट तळाचा, उथळ पाण्यांत जाणारा हा लांकडी किल्ला मोठ्या खर्चानें बांधविला, आणि इ. स. १७२० त वॉल्टर ब्राऊनच्या हाताखालीं तो विजयदुर्गावर नेण्यांत आला. त्याजवर इंग्रजांची मोठी भिस्त होती. पहिली फैर झाडली तों गोळे समोर जवळच पाण्यांत पडले! तोफांचीं भोंकें सुतारांनीं अशीं पाडलीं होतीं कीं तोफेचें तोंड वर उचलतांच येईना. ऐन लढाईंत तीं पुन्हां कापून घेण्याची पाळी आली. त्या मोहिमेंत विजयदुर्गास कांहीं इजा झाली नाहीं.

पुढें इ. स. १७३५ च्या डिसेंबरांत संभाजी आंग्र्यानें डर्बी हें इंग्रजांचें मोठें जहाज धरिलें. त्यांत मुंबईकरितां आणलेलें वर्षाचें सोनें तर होतेंच, पण जहाजांस लागणाऱ्या साहित्याचा मोठा साठाही होता. सोन्याचा उल्लेख सर्व लेखक करितात. आमच्या दृष्टीनें तो साठा अधिक महत्त्वाचा. कारण युरोपीय तागाचे दोर व जाड शिडाचें कापड विपुल प्रमाणांत आंग्र्यांच्या हातीं पडण्याचा हा प्रसंग होता, आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत आंग्र्यांच्या आरमाराचा कल मोठ्या जहाजांकडे वळलेला दिसतो. हा आमचा तर्क आहे. परंतु उगाच केलेला नव्हे.

तुळाजीच्या हातांत हा कल पूर्णपणें प्रकट झाला. इ. स. १७४९ त त्यानें इंग्रजांचें रिस्टोरेशन जहाज घेतलें. इ. स. १७५४ त पन्नास, छत्तीस व अठरा तोफांच्या तीन डच जहाजांवर त्याच्या आरमारानें हल्ला केला, दोन मोठीं जाळलीं व तिसरें पकडलें. या यशानें त्याची महत्त्वाकांक्षा वाढली. आपण या समुद्राचे धनी होऊं असें तो बोलूं लागला व त्यानें विजयदुर्गास दोन मोठीं जहाजें बांधावयास घातलीं, त्यांतील एक चाळीस तोफांचें, असें ऑर्म लिहितो. वाघोटण खाडींत गिर्ये येथें खडकांत खोदून काढलेली सुमारें साडेतीनशें फूट लांबीची आंग्र्यांची गोदी ज्यांनीं पाहिली असेल त्यांस हा उद्योग केवढा होता हें सांगावयास नको. अमात्यानें घातलेली मर्यादा येथें सुटली. ती सोडणें चूक होतें असें आम्ही म्हणत नाहीं. मोठें जहाज बांधावयाचें तर त्याबरोबर तागाचा दोर, लोखंडी नांगर, थरावर थर अशीं शिडें, तीं चालविणारे शिकलेले खलाशी, आणि तें सर्व वर्षानुवर्षें पुरविणारा बाजार हवा. लुटीच्या मालावर एक दोन जहाजें सजतील, आरमार सजत नाहीं. मुंबईंत याच सुमारास उलट गोष्ट घडत होती. सुरतेहून आणलेल्या लवजी नसरवानजी वाडियाच्या देखरेखीखालीं तेथें देशी सागवान व देशी कारागीर कामीं लागले होते आणि इ. स. १७५० त कोरडी गोदी तयार झाली. लांकूड आपलें, हात आपले. शिडें, तोफा व नियम इंग्रजांचे. सागाच्या अंगच्या तेलामुळें लोखंडी खिळे कुजत नाहींत, ओकमध्यें ते कुजतात. वाडियांच्या गोदींत इ. स. १८१७ त बांधलेलें ट्रिंकोमाली जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्याप तरंगत आहे.

इ. स. १७५५ च्या वसंतांत कमोडोर जेम्स चव्वेचाळीस तोफांचें प्रोटेक्टर जहाज घेऊन पेशव्यांच्या आरमारासह सुवर्णदुर्गावर आला, तेव्हां जुनें शीड व नवें जहाज यांची शर्यत झाली. आंग्र्यांच्या गुराबांनीं नांगराचे दोर सोडून दिले व दक्षिणेकडे पळ काढिला. वारा फारच थोडा होता. गलबतें वल्हीं मारून गुराबा ओढीत होतीं. पेशव्यांचीं तरांडीं तोंपर्यंत इंग्रजांपेक्षां चांगलीं चालत आलीं असतां या वेळीं मुद्दाम मागें रेंगाळलीं, आणि प्रोटेक्टर एकटेंच पुढें गेलें. तें जवळ येतांना पाहून आंग्र्यांच्या खलाशांनीं अवजड सामान समुद्रांत फेंकिलें, होतीं नव्हतीं तेवढीं शिडें चढविलीं, अंगावरचे कपडे टांगिले, आणि शेवटीं डोक्यावरचीं पागोटीं सोडून वाऱ्यास धरिलीं. मराठ्यांच्या समुद्रावरील इतिहासांत याहून हृदयास चटका लावणारें चित्र आम्हांस ठाऊक नाहीं. मागच्या कांहीं गुराबा तोफेच्या टप्प्यांत आल्या, पण संध्याकाळ झाली व जेम्सनें पाठलाग सोडिला.

या प्रसंगास बहुतेक लेखक पळपुटेपणाचें उदाहरण म्हणून वापरितात. साधनांची परीक्षा करणारास त्यांत दोन गोष्टी दिसतात. पहिली, मंद वाऱ्यांत गुराब व वल्हीं यांनीं एका नव्या लढाऊ जहाजास दिवसभर झुंजविलें व बहुतेक आरमार वांचविलें. म्हणजे जुन्या सरंजामानें आपलें काम केलें. दुसरी, युरोपीय जहाजास मंद वाऱ्याकरितां काठ्या बाहेर काढून दोहों अंगांस जादा शिडें पसरण्याची सोय होती, तशी एका परबाणाच्या गलबतास नव्हती. तें शीड एकदां चढविलें कीं त्याची सीमा झाली. पुढचें कापड पागोट्यांतूनच काढावें लागलें.

विजयदुर्गास मात्र जुन्या व नव्या दोन्ही सरंजामांचा एकदम घात झाला. १२ फेब्रुवारी १७५६ रोजीं दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर वॉटसनचीं जहाजें खाडींत शिरलीं. तोच वारा आंत असलेल्या गुराबांच्या तोंडावर. बाहेर निघावयास वाट नाहीं. सर्व आरमार किल्ल्याच्या आश्रयाखालीं एकास एक दोरांनीं जखडून ठेविलेलें होतें. संध्याकाळच्या सुमारास एक गर्नाळ रिस्टोरेशनवर येऊन पडली, आग लागली, आणि ती दोरांवरून व राळ पाजलेल्या फळ्यांवरून एका गुराबेपासून दुसरीवर गेली. माघ महिन्यांतील वाळलेला काथ्या, तेल व राळ मुरलेलें लांकूड, आणि पडलेलीं सुती शिडें; आगीस यापेक्षां अधिक काय पाहिजे? गोदीवर बांधणीस असलेलीं जहाजेंही वांचलीं नाहींत. इंग्रजांकडून जिंकून आणलेल्या जहाजापासूनच ही आग पसरावी यास दैवाचा खेळ म्हणतां येईल. पण आरमार बांधून ठेवणें हा दैवाचा नव्हे, सेनापतीच्या निर्णयाचा भाग होता. जंजिऱ्याचा आश्रय घ्यावा हा अमात्याचा नियम त्या दिवशीं अक्षरशः पाळला गेला, आणि ज्यांच्या गर्नाळा किल्ल्याच्या भिंतीवरून आंत पडत अशा शत्रूपुढें तोच नियम घातक ठरला. येथें दोष शिडास नाहीं, सुंभासही नाहीं.

या नाशांत पेशव्यांचा हात होता, याबद्दल पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्याची पुनरुक्ति करीत नाहीं. एवढें नमूद करणें अवश्य आहे कीं पुढें विजयदुर्गास पेशव्यांचें जें आरमार उभें राहिलें तें पुन्हां जुन्याच वळणाचें होतें. ८ एप्रिल १७८३ रोजीं आनंदराव धुळपाच्या आरमारानें रत्नागिरीच्या बाजूस रेंजर हें इंग्रजी जहाज कित्येक तासांच्या झुंजीनंतर घेतलें. सालबाईचा तह झाला असल्यामुळें त्या लढाईचा राजकीय उपयोग कांहीं झाला नाहीं, परंतु किनाऱ्याजवळ एकटें सांपडलेलें जहाज घेरून त्यावर माणसें चढविण्याची रीत शंभर वर्षांनंतरही चालत होती हें त्यावरून दिसतें. समोर एकट्या जहाजाऐवजीं वॉटसनसारखा तांडा असता तर काय झालें असतें याचें उत्तर विजयदुर्गच्या खाडीनें आधींच दिलें होतें.

आंग्रे व धुळप यांच्या कारभारांतील सुंभ, दोसुती, राळ, खिळे व वासे यांच्या खरेदीच्या याद्या कोणाच्या पाहण्यांत आल्यास त्या जशाच्या तशा प्रसिद्ध व्हाव्या, अशी आमची विनंती आहे. एका गुराबेस वर्षाकांठीं किती खंडी सुंभ लागे व त्यांतील किती पावसाळ्यांत फुकट जाई, एवढें कळलें तरी आरमाराच्या खर्चाचें कोडें बरेंच उलगडेल. शब्दांचाही संग्रह त्वरेनें झाला पाहिजे. परबाणाचें शीड कोंकणच्या फत्तेमाऱ्यांवर विसाव्या शतकाच्या मध्यानंतरही दिसत असे. मग एकेका बंदरांत यंत्रें बसूं लागलीं, डोलकाठ्या आंखूड होत गेल्या, आणि तीं शिडें बांधणारे तांडेल वृद्ध होऊन गेले. नांगरास आतां बहुधा नायलॉनचा दोर असतो. तो सुंभाइतकाच लांबतो, आणि गोड्या पाण्यांत कुजत नाहीं.